वायुदूत : विस्मरणात गेलेल्या हवाई मार्गांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वायुदूतचं नाव निघालं की बहुतेक जण दोनच गोष्टी सांगतात: विमानं छोटी होती आणि कंपनी तोट्यात गेली. दोन्ही खरं आहे. पण या कंपनीचा नकाशा समोर ठेवून बसलं की त्यापलीकडचं बरंच काही दिसतं. ज्या गावांपर्यंत धड रस्ता नव्हता तिथे ती विमान घेऊन गेली, आणि जिथे रात्रीची रेल्वे व्यवस्थित चालत होती तिथेही गेली. पहिल्या निर्णयाबद्दल मला तिचा अभिमान वाटतो, दुसऱ्याबद्दल हळहळ वाटते. वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

वायुदूत नेमकी कोणाची कंपनी होती?

सरकारचीच, पण थेट नाही. इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया या दोन सरकारी महामंडळांनी मिळून २० जानेवारी १९८१ रोजी ती स्थापन केली आणि २६ जानेवारीला, प्रजासत्ताकदिनी, तिची सेवा सुरू झाली. १९५३ च्या हवाई महामंडळ कायद्यामुळे देशात वेळापत्रकानुसार प्रवासी विमानं चालवण्याचा हक्क या दोन महामंडळांपुरताच राहिला होता. खासगी माणसाला छोट्या गावासाठी विमान चालवायचं म्हटलं तरी दार बंद होतं. त्यामुळे नवी सेवा हवी असेल तर ती याच दोघांच्या पोटातून निघणं भाग होतं.

परदेशी मार्गांना एअर इंडिया, मोठ्या शहरांना इंडियन एअरलाइन्स आणि त्याखालच्या गावांना वायुदूत, अशी ती उतरंड. सरकारी भाषेत याला ‘तिसऱ्या पातळीची विमानसेवा’ म्हणत.

सुरुवात ईशान्य भारतापासूनच का केली?

याचं उत्तर १९४७ मध्ये आहे. फाळणीपूर्वी आसामकडे जाणारी रेल्वे आणि नदीची वाहतूक पूर्व बंगालमधून जात असे. सीमा आखली गेली आणि तो सरळ रस्ता परदेशात गेला. उरली ती सिलिगुडीजवळची चिंचोळी पट्टी. तिथून नवा लोहमार्ग टाकून १९५० मध्ये आसाम पुन्हा रेल्वेने जोडला गेला, पण तो वळसा फार लांबचा. आगरताळ्याहून कोलकात्याला जाणाऱ्याला आधी उलट दिशेने आसामात शिरावं लागे, मग गुवाहाटी, मग सिलिगुडी आणि मग खाली कोलकाता. नकाशावर हाताच्या अंतरावर असलेल्या शहरासाठी काही दिवस मोडायचे.

दुसऱ्या महायुद्धामुळे मात्र या भागात धावपट्ट्यांची कमतरता नव्हती. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी बांधलेल्या पट्ट्यांवर स्वातंत्र्यानंतर डकोटा विमानं उतरत. डकोटाला फारसे लाड लागत नसत, आखूड आणि ओबडधोबड पट्टीही चाले. सत्तरच्या दशकात इंडियन एअरलाइन्सकडे बोइंग ७३७ जेट आली आणि गणित पालटलं. जेटला लांब आणि भक्कम धावपट्टी लागते, शिवाय विमान भरायला प्रवासीही भरपूर लागतात. जुनी विमानं निघत गेली तशी छोटी ठिकाणंही वेळापत्रकातून गळत गेली. म्हणजे वायुदूतला बऱ्याच ठिकाणी नवं काही उभारायचं नव्हतं, बंद पडलेलं पुन्हा चालू करायचं होतं.

ईशान्येत वायुदूत कुठे कुठे जायची?

ईशान्य भारतात तिने जास्तीत जास्त २३ विमानतळांपर्यंत सेवा दिली. कोलकाता आणि गुवाहाटी ही दोन मुख्य ठाणी. तिथून फाटे फुटत: मेघालयात शिलाँगजवळचं उमरोई, मिझोराममध्ये ऐझॉलसाठीची तुईरिअलची पट्टी, त्रिपुरात कैलाशहर, बराक खोऱ्यात सिलचर, पश्चिम आसामात रूपसी, उत्तर बंगालात कूचबिहार, आणि अरुणाचलात पासीघाट, झिरो ही नावं.

अरुणाचलावर जरा थांबायला हवं, कारण या नकाशाचा खरा जीव तिथे आहे. पासीघाट सियांग नदीकाठी वसलं आहे. हीच सियांग पुढे आसामात दिबांग आणि लोहित नद्यांना मिळते आणि तिथून ब्रह्मपुत्रा म्हणून वाहते. दिब्रुगडहून पासीघाटला जायचं तर आधी ब्रह्मपुत्रा ओलांडायची. १९८१ साली संपूर्ण आसामात ब्रह्मपुत्रेवर एकच पूल होता, गुवाहाटीजवळचा सरायघाट. तेजपूरचा पूल १९८७ मध्ये आला आणि दिब्रुगडजवळच्या बोगीबीलसाठी तर लोकांना २०१८ चा डिसेंबर उजाडेपर्यंत थांबावं लागलं. तोवर होडी आणि फेरीबोट. पावसाळ्यात नदी फुगली की काठ सरकतो, त्याबरोबर फेरीचा घाट सरकतो आणि कधी कधी फेरीच बंद. वरून विमानाला मात्र हे अंतर अर्ध्या तासाचं. बाळंतपणात अडचण आलेली बाई, परीक्षेला निघालेला विद्यार्थी, पगाराची रक्कम घेऊन जाणारा बँकेचा माणूस, यांच्यासाठी त्या अर्ध्या तासाची किंमत तिकिटावर छापलेल्या आकड्यात मावणारी नव्हती.

झिरो आणखी वेगळं. चारही बाजूंनी डोंगर आणि मधे आपातानी लोकांच्या भातशेतीचं सपाट खोरं. त्या खोऱ्यात विमान उतरवायचं तर वैमानिकाला डोंगर डोळ्यांना दिसले पाहिजेत. ढग खाली आले की तो दिवस गेला.

वायुदूतकडे विमानं कोणती होती?

सुरुवात इंडियन एअरलाइन्सच्या फॉकर एफ-२७ फ्रेंडशिप विमानांनी झाली. पंख वर, दोन रोल्स-रॉईस डार्ट इंजिनं, चाळीस-पंचेचाळीस प्रवासी. त्याच वर्गातलं दुसरं विमान म्हणजे एचएस-७४८, ज्याला सगळे ‘ॲव्हरो’च म्हणत आणि जे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कानपूर कारखान्यात तयार होई. राजीव गांधी इंडियन एअरलाइन्समध्ये वैमानिक असताना हेच विमान चालवत.

पण वायुदूतची ओळख बनलं ते डॉर्नियर २२८. पश्चिम जर्मनीच्या डॉर्नियर कंपनीकडून परवाना घेऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ते कानपूरला बनवायला घेतलं. पहिली काही विमानं थेट जर्मनीहून आली, १९८६ पासून कानपूरची यायला लागली. जास्तीत जास्त १९ आसनं आणि सुमारे आठशे मीटरच्या धावपट्टीवरून उडण्याची क्षमता. तालुक्याच्या गावाबाहेरची जुनी पट्टीही या विमानाला पुरायची.

डॉर्नियरमधला प्रवास कसा असे?

पंख डोक्यावर, त्यामुळे खालचं सगळं दिसायचं. मधे अरुंद वाट, तिच्या डाव्या हाताला एक आसन आणि उजव्या हाताला एक. म्हणजे प्रत्येकाला खिडकी आणि प्रत्येकाला वाट. छत इतकं खाली की पाठ वाकवूनच जागेपर्यंत जावं लागे. मागच्या बाजूचं दार उघडलं की त्यातच पायऱ्या, शिडी लावायची गरज नाही. ज्या विमानतळावर एक खोली, एक वजनकाटा आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी एवढंच असायचं, तिथे ही सोय फार मोलाची.

केबिनमध्ये हवेचा दाब राखायची यंत्रणा नव्हती. त्यामुळे हे विमान फार उंच जाऊ शकत नसे. मोठं जेट ढगांच्या वर निघून जातं, डॉर्नियर ढगांच्या थरातूनच वाट काढायचं. मार्च ते सप्टेंबर ईशान्येच्या आकाशात ते किती हलत असेल याची कल्पना तिथे राहिलेल्या माणसाला द्यायला नको. सामानाबाबतही कडक हिशेब. एवढ्या लहान विमानात दहा-वीस किलो इकडचे तिकडे झाले तरी तोल बदलतो. म्हणून कोण पुढे बसणार, कोणाची ट्रंक मागे राहणार हे वजनावर ठरे, ओळखीवर नाही.

ईशान्येपुरती असलेली सेवा देशभर कशी पसरली?

आधी मागणीमुळे, मग हौसेमुळे. उत्तरेत दिल्लीहून पंतनगर आणि देहरादून, हिमाचलात कुल्लू आणि डोंगराचा माथा कापून बांधलेलं सिमला, राजस्थानात कोटा आणि जैसलमेर. दक्षिणेत म्हैसूर, राजमहेंद्री, तंजावर, पुदुच्चेरी, आणि लिग्नाइटच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेलं नेवेली.

यातली काही ठाणी शंभर टक्के योग्य होती. अगत्तीचंच घ्या. लक्षद्वीपमधल्या या चिंचोळ्या बेटावर १९८८ च्या एप्रिलमध्ये विमानतळ सुरू झाला तोच मुळी डॉर्नियर डोळ्यांसमोर ठेवून. कोचीहून बोटीने रात्रभराचा, कधी त्याहून जास्त वेळाचा प्रवास, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की तोही बेभरवशाचा. कुल्लूचंही तसंच. तिथली सेवा पर्यटकांना घेऊन जाई हे खरं, पण डोंगरातल्या लोकांनाही तिचा आधार होता.

बाकी ठिकाणी मात्र ‘आमच्या जिल्ह्याला विमान हवं’ हा आग्रह मार्गाच्या गणितापेक्षा मोठा ठरला. विमानांची संख्या मर्यादित आणि ठाण्यांची यादी लांबत चाललेली. मग प्रत्येक ठाण्याच्या वाट्याला आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या यायच्या. मंगळवारी काम असलेल्या माणसाला गुरुवारच्या विमानाचा काय उपयोग?

महाराष्ट्रात वायुदूत होती का?

होती. मुंबईहून कोल्हापूर आणि नाशिक, पुण्याहून हैदराबाद असे मार्ग तिने चालवले. कोल्हापूरची धावपट्टी संस्थानकाळातली, राजाराम महाराजांच्या पुढाकारातून झालेली, आणि तिथे विमान उतरावं ही शहराची जुनी इच्छा.

पण इथेच ईशान्य आणि आपल्यातला फरक उघडा पडतो. कोल्हापूरच्या माणसाला रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये पथारी टाकली की सकाळी मुंबई. नाशिककराला तर रेल्वे, एसटी, टॅक्सी सगळंच हाताशी. विमानाला इथे गुडघाभर चिखलाच्या रस्त्याशी नाही, चांगल्या चालणाऱ्या, स्वस्त आणि रोजच्या सेवेशी सामना करायचा होता. दिवस मोडायचाच नसेल तर चौपट पैसे कोण मोजणार? थोडे उद्योजक, थोडे अधिकारी, तेही विमान वेळेवर येईल अशी खात्री असेल तरच.

उजनी धरणात कोसळलेलं विमान वायुदूतचंच होतं का?

हो. २३ सप्टेंबर १९८९ रोजी पुण्याहून हैदराबादला निघालेलं डॉर्नियर इंदापूरजवळ उजनीच्या जलाशयात कोसळलं. विमानातले सर्व ११ जण मृत्युमुखी पडले.

त्याच्या अकरा महिने आधी, १९ ऑक्टोबर १९८८ रोजी, सिलचरहून येणारं वायुदूतचं फॉकर गुवाहाटीजवळ पडलं आणि सर्व ३४ जण गेले. त्याच दिवशी सकाळी अहमदाबादला इंडियन एअरलाइन्सच्या बोइंगचा अपघात होऊन १३३ माणसं दगावली होती. देशाचं लक्ष साहजिकच अहमदाबादकडे गेलं आणि गुवाहाटीची बातमी मागे पडली. ईशान्येतल्या लोकांना हे अजून खुपतं, आणि त्यांचं खुपणं रास्त आहे.

इतकी गरज होती तर तोटा का झाला?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि ‘सरकारी कंपनी होती म्हणून’ हे त्याचं आळशी उत्तर आहे.

पहिलं कारण विमानाच्या आकारात आहे. बोइंगमध्येही दोन वैमानिक पुढे बसतात आणि डॉर्नियरमध्येही दोनच. एकीकडे त्यांचा पगार सव्वाशे तिकिटांवर विभागला जातो, दुसरीकडे अठरांवर. तपासणी, देखभाल, जमिनीवरचे कर्मचारी, सगळ्याचं तेच. छोट्या विमानाचं प्रत्येक आसन महागच पडतं, मग ते कोणीही चालवो.

दुसरं कारण मार्गाच्या रचनेत. एका गावात विमान भरेल एवढे प्रवासी नसल्याने तीन-चार गावं एका माळेत ओवली जात. समजा, विमान मोठ्या शहरातून निघून ‘अ’, मग ‘ब’, मग ‘क’ गावाला जातं. शहरातच सगळी आसनं ‘क’च्या प्रवाशांना विकली तर ‘अ’ आणि ‘ब’ला कोणी चढू शकत नाही. त्यांच्यासाठी सहा-सहा जागा राखल्या आणि तिथे कोणी आलंच नाही तर त्या रिकाम्या उडतात. फोनवरून दुसऱ्या गावचं आरक्षण कळायलाही ट्रंक कॉल लावावा लागे, त्या काळात हा ताळमेळ बसवणं फार अवघड.

तिसरं कारण सहसा कोणी सांगत नाही: इंधन. छोट्या विमानतळांवर विमानाचं इंधन मिळतच नसे. त्यामुळे परतीचं इंधनही सोबत न्यावं लागे. इंधनाचं वजन वाढलं की तेवढे प्रवासी कमी. म्हणजे जे मार्ग लांबचे आणि अवघड, नेमक्या त्याच मार्गांवर तिकिटं कमी विकायची.

आणि उजेड. बहुतेक पट्ट्यांवर रात्रीचे दिवे नव्हते. सकाळी गुवाहाटीत धुकं पडलं, विमान दोन तास उशिरा सुटलं, की माळेतलं शेवटचं गाव मावळतीच्या पलीकडे जायचं. मग ती फेरी रद्द. प्रवासी चिडला तर त्याचं चूक नव्हतं, आणि वैमानिकाने अंधारात उतरायला नकार दिला तर त्याचंही नव्हतं.

भाडं मात्र सरकारी धोरणाप्रमाणे. खर्च वाढला म्हणून भाडं त्या प्रमाणात वाढवायची मोकळीक नाही, आणि सामाजिक काम म्हणून चालवायचं तर त्यासाठी वेगळी, ठरलेली, दरवर्षी मिळणारी भरपाईही नाही. माझ्या मते घोडं इथेच पेंड खातं. ईशान्येचे, बेटांचे, डोंगरातले मार्ग तोट्यात चालणार हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो तोटा उघडपणे, अर्थसंकल्पात लिहून, सोसायला हवा होता. त्याऐवजी तो कंपनीच्या ताळेबंदात साठत गेला आणि शेवटी तिच्याच नावावर खपला.

कंपनी कधी बंद झाली?

एका दिवसात नाही. १९९३ मध्ये तिचं इंडियन एअरलाइन्समध्ये विलीनीकरण करायचं ठरलं. त्यानंतर काही वर्षं डॉर्नियर विमानं इंडियन एअरलाइन्सच्या कमी पल्ल्याच्या विभागाखाली उडत राहिली आणि १९९७ पर्यंत तेही थांबलं. कर्मचाऱ्यांना दोन्ही महामंडळांत सामावून घेतलं गेलं. त्यांच्या सेवाज्येष्ठतेचे वाद पुढे बराच काळ न्यायालयांत चालले.

तेव्हा खासगी कंपन्या आल्याच होत्या ना? त्यांनी हे मार्ग का घेतले नाहीत?

कारण त्यांना मुंबई-दिल्ली खुली झाली होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ईस्ट-वेस्ट, दमानिया, जेट अशा कंपन्या आल्या आणि सगळ्या भरलेल्या मार्गांवर धावल्या. त्यांना दोष देता येणार नाही, पैसा तिथेच होता.

सरकारने यावर १ मार्च १९९४ पासून एक तोडगा लागू केला. मोठ्या मार्गांवर जेवढी क्षमता चालवाल तिच्या किमान दहा टक्के ईशान्य, जम्मू-काश्मीर, अंदमान आणि लक्षद्वीपच्या मार्गांवर चालवायची. याने गुवाहाटी, इंफाळ, आगरताळा, पोर्ट ब्लेअर यांचं भलं झालं. पण कंपन्यांकडे विमानं मोठी, त्यामुळे त्या लांब धावपट्टीच्या शहरांतच गेल्या. पासीघाट, झिरो, कैलाशहर यांच्या वाट्याला काही आलं नाही. दहा टक्क्यांचा नियम किलोमीटर आणि आसनं मोजत होता, गावं मोजत नव्हता.

‘उडान’ योजना म्हणजे नव्या नावाची वायुदूतच ना?

गावं बरीचशी तीच, पण रचना वेगळी. उडान ही छोट्या शहरांना विमानाने जोडण्याची केंद्र सरकारची योजना. तिच्यात कंपनी मार्गासाठी बोली लावते, काही आसनं ठरलेल्या कमी भाड्यात देते, आणि त्यापोटी तिला ठरावीक मुदतीपुरती भरपाई मिळते. त्यासाठीचा निधी मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार लावून उभा केला जातो. म्हणजे तोटा कोण सोसणार हे आधीच लिहिलेलं असतं. वायुदूतला हेच मिळालं नव्हतं.

तरी उडानलाही जुनंच दुखणं आहे. २७ एप्रिल २०१७ रोजी योजनेचं पहिलं विमान सिमल्याहून दिल्लीला गेलं, त्याच दिवशी नांदेड-हैदराबादही सुरू झालं. पण सिमल्याची पट्टी उंचावर आणि आखूड, त्यामुळे तिथून निघताना एटीआर विमानात मोजकेच प्रवासी घेता येतात. भरपाईची मुदत संपली की अनेक मार्ग बंद पडताना आपण पाहतोच आहोत. डोंगर आणि धावपट्टी योजना बघून बदलत नाहीत.

वायुदूतच्या जुन्या ठाण्यांपैकी आज कुठे काय स्थिती आहे?

रूपसीला २०२१ मध्ये पुन्हा विमान उतरलं, कूचबिहारला २०२३ मध्ये नऊ आसनांचं. ऐझॉलला १९९८ पासून लेंगपुईचा नवा विमानतळ आहे, तिथे जेट उतरतं आणि तुईरिअलची गरज संपली. देहरादून तर आज उत्तराखंडचं मुख्य विमानतळ आहे. कोल्हापूर आणि नाशिक दोन्हींचं बरं चाललं आहे. पासीघाटला १२ एप्रिल २०२२ पासून अलायन्स एअरने दिब्रुगडहून सेवा सुरू केली, आणि त्यासाठी निवडलेलं विमान कानपूरला बनलेलं डॉर्नियर २२८ होतं. यापेक्षा मोठी पावती वायुदूतच्या जुन्या निवडीला कोणी देऊ शकलं नसतं.

घरात वायुदूतचं जुनं वेळापत्रक सापडलं. ते कसं वाचायचं?

आधी ‘दिवस’ हा रकाना शोधा. तिथले १ ते ७ हे आकडे आठवड्याचे वार आहेत आणि १ म्हणजे सोमवार. ‘१ ३ ५’ असेल तर सोम, बुध, शुक्र. मग वेळा वरून खाली वाचा: एकाच क्रमांकाखाली ओळीने आलेली गावं म्हणजे वर सांगितलेली माळ, आणि काही क्रमांकांना परतीचा मार्ग निराळा असतो, तोही तपासा. शेवटी वेळापत्रक कोणत्या महिन्यापासून लागू आहे ते पाहा. उन्हाळी आणि हिवाळी पत्रकांत ठाणी येत-जात असत, त्यामुळे एका पत्रकात गाव नाही म्हणून तिथे वायुदूत कधीच गेली नाही असा निष्कर्ष काढू नका. आणि कागद सुट्टा करून ठेवू नका, आतल्या पानावरचा मार्गांचा नकाशा बहुतेक वेळा तसाच हरवतो.